विरोधाची चिठ्ठी

मु. पो. पोफळघर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड
चैत्र वद्य षष्ठी

राजमान्य राजेश्री बापूसाहेब यांस (‘साहेब’ हे तुझ्या मंत्रालयातल्या खुर्चीला उद्देशून आहे, तुला नव्हे, ज्या पोराने आमच्या लग्नात कानपिळीच्या वेळी माझा कान लालभडक होईपर्यंत पिळला, त्याला मी या जन्मी साहेब म्हणणार नाही) पोफळघराहून हरेश्वर गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

तुझं पित्त कसं आहे? मैथिलीचा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेस पाठवलेली आमसुलं तुम्ही वापरलीत की ती अजून डब्यात बसून तुमच्या बदलीची वाट बघतायत? आम्ही इकडे ठीक आहोत. ठीक म्हणजे तुझी ताई ठीक आहे, विठोबा ठीक आहे (आपला वाडीतला गडी, हल्ली तो माझ्याकडे बघून हसतो, कारण कळत नाही), आणि मी सोडून गावातली एकूण एक माणसं ठीक आहेत. आता तू म्हणशील, या जमान्यात पत्र कशाला, फोन करायचा. केला असता. पण फोनवर मी कामाचं बोलायला लागलो की तुला नेमकं ऐकू येईनासं होतं, हा माझा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे. आणि दुसरं असं, की जे सांगायचं आहे ते इतकं लाजिरवाणं आहे की ते तोंडाने सांगण्यापेक्षा हाताने सांगितलेलं बरं.

तर मूळ विषय किनारा वीज मंडळाचा. या सरकारी मंडळाला जनतेच्या तिजोरीतून पैसा द्यावा की ते एकदाचं गुंडाळून टाकावं, यावर तुमच्या सभागृहात दोन अधिवेशनं घसे फोडणं चाललंय हे तुला माहीत आहेच. एक बाजू म्हणते, मंडळ चालत नाही म्हणून पैसा देऊ नये. दुसरी म्हणते, पैसा मिळत नाही म्हणून मंडळ चालत नाही. दोन्ही बाजूंचे लोक दुपारी एकाच कँटीनमध्ये जेवतात असं तूच मला सांगितलं होतंस. आमची अडचण एवढीच, की आमच्या वाडीचा पंप त्या कँटीनपासून फार लांब आहे.

वाडीची हकिगत तुला नव्याने सांगायला नको, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. वादळाला येत्या जूनमध्ये सहा वर्षं होतील. आमच्या दादांनी लावलेल्या सव्वादोनशे पोफळी तीन तासांत आडव्या झाल्या, तू स्वतः येऊन बघितल्यास आणि न जेवता परत गेलास. पुढल्या वर्षी मी तेवढीच रोपं पुन्हा लावली. लोक हसले. गुरुजी, सुपारी धरेपर्यंत ती फोडायला दात उरतील का, असं तोंडावर विचारलं. मी म्हटलं, दात माझे आहेत, पोफळी वाडीच्या आहेत. आणि बापू, यंदा फाल्गुनात एकवीस झाडांना पहिली पोय सुटली. पिवळ्याजर्द फुलोऱ्याची. मी एकेका झाडाखाली उभा राहून मान दुखेपर्यंत वर बघत होतो. तुझ्या ताईने त्या दिवशी कारण न सांगता शिरा केला.

आणि नेमकी त्याच आठवड्यात वाडीची वीज गेली. घरची नव्हे, घरची येत-जात असते, ती गावातल्या डीपीवर आहे. वाडीच्या पंपाची डीपी वेगळी, समुद्राकडच्या अंगाला (डीपी म्हणजे तो खांबावरचा डबा, तुमच्या कागदात ज्याला ‘रोहित्र’ म्हणतात). एका सकाळी तिच्यातून फाट्कन आवाज आला, थोडा धूर निघाला आणि पंप बसला. मी तडक मंडळाच्या उपकार्यालयात गेलो. तिथे एक टेबल आहे, एक खुर्ची आहे, खुर्चीवर जागा धरायला टाकलेला रुमाल आहे आणि रुमालावर कोणी नाही. तक्रारवही मात्र सुतळीने टेबलाला बांधलेली आहे, ती कुठे जाऊ शकत नाही. मी तिच्यात तक्रार लिहिली. आता एकतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस ‘लाइट गेली’ असं लिहील का? मी लिहिलं, ‘सदर रोहित्र अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडून पूर्णतः भस्मसात झाले असून आता त्याचा केवळ सांगाडा आकाशाकडे पाहत उभा आहे.’ वाचून मला स्वतःलाच भरून आलं.

पंधरा दिवसांनी म्हसळ्याहून एक तरुण अभियंता आला. वागायला सभ्य. त्याने डीपीकडे लांबून पाहिलं, तक्रार दोनदा वाचली आणि म्हणाला की भस्मसात झालेल्या रोहित्राला हात लावायची कोणालाच परवानगी नाही, ते बदलावंच लागतं. नवं रोहित्र तत्त्वतः मंजूर आहे. प्रत्यक्ष मात्र मंडळाला पैसा द्यायचा की नाही याचा निकाल लागल्यावर. मी विठोबाला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, “मंग तवर तत्त्वतः पानी सोडू का?”

तेव्हापासून तुझी ताई आणि विठोबा विहिरीतून पाणी शेंदून हंड्या-कळशांनी वाडी शिंपतायत. सव्वादोनशे झाडं! पलीकडच्या होमस्टेवाल्यांकडे जुना रहाट आहे, तो मागायला मी गेलो, तर त्याला त्यांनी रंगीत दिव्यांच्या माळा लावल्यात आणि पुण्याची मंडळी त्यावर बसून फोटो काढतात. म्हणे, गुरुजी, सीझन संपला की न्या. सीझन संपल्यावर पाऊस येतो, हे या लोकांना कोणी शिकवलं नाही. बहुतेक मीच शिकवायला हवं होतं. मी स्वतः आता वाडीत पाऊल टाकत नाही. ते कोमेजलेले शेंडे मला बघवत नाहीत. सकाळी चहा घेऊन मी देवळाच्या पायरीवर जाऊन बसतो तो जेवायलाच घरी येतो.

अशात तुमचं परिपत्रक आलं (तुमचंच, उगाच दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवू नकोस). किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने खास ग्रामसभा घेऊन ‘मंडळास सार्वजनिक निधी द्यावा अथवा न द्यावा’ यावर दोन्ही बाजू ऐकून ठराव करावा. आमच्या सरपंच वेणूबाई कामाच्या बाई. त्यांनी सभा भरवली, दीडशे डोकी जमली, आणि त्यांनी सरळ विचारलं, द्यायचे ना पैसे? सगळे म्हणाले, द्यायचे. संपला विषय. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच ग्रामसेवकांनी परिपत्रकातलं सातवं कलम वाचलं. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ठराव ग्राह्य नाही, आणि एखाद्या बाजूने वक्ता नसेल तर उपस्थितांतून चिठ्ठी टाकून नेमावा. हे सातवं कलम ज्याने लिहिलं त्याला माझा नमस्कार सांग आणि त्याचा पत्ता मला कळव.

चिठ्ठ्या टाकल्या. ‘बाजूने’ची चिठ्ठी निघाली अंबाजी गुरवाची. ‘विरोधाची’ निघाली माझी. माझी, बापू! ज्याच्या पोफळी त्या डीपीवाचून जळतायत त्याची! मी वेणूबाईंना म्हटलं, माझं मत द्यावेत असं आहे. त्या म्हणाल्या, “गुरुजी, मत तुमच्यापाशी ठेवा की. बोलायचं तेवढं बोला आन् बसा.” यात खोट काढायला जागा नव्हती, कारण मीच एकतीस वर्षं वादविवाद स्पर्धेच्या पोरांना हेच सांगत आलो. बाजू चिठ्ठीची, भाषण आपलं.

अंबाजी आधी उठला. म्हणाला, द्यावेत, देवीपुढे दिवा लागतो. आणि बसला. टाळ्या.

मी उठलो तेव्हा माझा बेत पक्का होता. दोन मिनिटं पडेल आवाजात काहीतरी पुटपुटायचं आणि खाली बसायचं, म्हणजे ठराव बिनबोभाट पास. देवाशप्पथ हाच बेत होता. पण मी तोंड उघडलं आणि वीज गेली, माइक बंद पडला, आणि मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने जांभई दिली. हात न लावता! बापू, माणसाने सगळं सहन करावं, पण स्वतः शिकवलेल्या पोराची उघडी जांभई सहन करू नये. माझ्या अंगात काय संचारलं कोणास ठाऊक. पहिलं वाक्य आपोआप आलं, की ज्या मंडळाला माझं भाषणसुद्धा पूर्ण होऊ देववत नाही, त्याला आपण आपल्या घामाचा पैसा द्यायचा? लोक ताठ बसले. मग मी रुमाल घेतला. खुर्चीवरचा तो रुमाल! म्हटलं, आपण निधी कोणाला देतोय, त्या रुमालाला? तो रुमाल गेली चार वर्षं आपल्या तालुक्याचा वीजपुरवठा सांभाळतोय, त्याला बढती तरी द्या. हशा. मग वादळानंतरचे आपले अंधारातले दिवस काढले, बायाबापड्यांचे डोळे भरले. मग कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही ही म्हण उलटी करून असं विचारलं, की मंडळ झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहणार आहे का? (याचा अर्थ नीट लागत नाही हे मला बोलतानाच कळलं होतं, पण टाळ्या पडल्यावर अर्थ कोण बघतो.) पंचावन्न मिनिटं बोललो. शेवटी तर हात उंचावून अशी प्रतिज्ञा केली, की या मंडळाची वीज उद्या माझ्या दारात आणून ओतली तरी ती माझ्या पंपाला शिवणार नाही! तू असायला हवा होतास. एक मुलगी रडत होती. आंतरशालेय स्पर्धेत हेच भाषण झालं असतं तर फिरता चषक त्यांनी मला कायमचा देऊन टाकला असता.

मग हात वर करायला सांगितले. पैसे देऊ नयेत, असं म्हणणारे हात एकशे त्रेचाळीस. द्यावेत म्हणणारे दोन. अंबाजी गुरवाचं मतसुद्धा फिरलं! त्या दोन हातांतला एक माझा होता. मी तो डोळे मिटून वर केला, आणि स्वतःच्या भाषणाविरुद्ध मत देणारा जिल्ह्यातला पहिला वक्ता म्हणून वेणूबाईंनी माझी नोंद इतिवृत्तात घेतली. दुसरा हात खांबाआडून वर आला होता, मनगटच दिसलं, पण मला सांगायला नको. अडतीस वर्षांचा संसार आहे. शंभरावर माणसं माझ्या शब्दांना भुलली, पण तुझी ताई भुलली नाही. तिला वाडी ठाऊक आहे. आणि टाळ्यांचा आवाज चालूच होता.

दुसऱ्या दिवसापासून मी ठराव फिरवायच्या मागे लागलो. घरोघर जाऊन सांगितलं, मी म्हटलं ते सगळं चूक आहे. लोक म्हणाले, गुरुजी, तुमचा विनय आम्हांला ठाऊक आहे. एकाने मला माझंच भाषण मोबाइलवर दाखवलं आणि म्हणाला, आता याला उत्तर द्या. शेवटी मी वेणूबाईंना सुचवलं, माणसांचं जाऊ दे, देवीला विचारू. सोमजाई जे सांगेल ते गावाला मान्य. सोमवारी सकाळी कौल लावायचं ठरलं. उजवी पाकळी आधी पडली तर पैसे द्यावेत, डावी पडली तर नाही.

सगळं गाव देवळात. अंबाजीने पाण्यात भिजवून दोन पाकळ्या देवीला लावल्या, गाऱ्हाणं घातलं. वीज नव्हती, वारा नव्हता, कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मी मनात म्हणत होतो, आई, मी बोललो ते मनावर घेऊ नकोस, सवयीचा परिणाम आहे. आणि बापू, उजवी पाकळी सुटायला लागली! अर्धी सुटली, वाकली, आता पडणार, एवढ्यात वीज आली. गाभाऱ्याच्या दारावरचा पंखा कोणीतरी पाचवर ठेवून गेलं होतं. तो असा काही भणाणला की दोन्ही पाकळ्या उडाल्या, एक तर कायमची गेली आणि दुसरी येऊन माझ्या टकलावर बसली. उजवी की डावी, ते देवीच जाणे.

यावर जो वाद झाला त्यापुढे तुमचं सभागृह म्हणजे बालवाडी. एक पक्ष म्हणाला, मंडळाने स्वतःच्या खटल्यात स्वतः येऊन ढवळाढवळ केली, तेव्हा हा कौल मंडळाविरुद्धच धरावा. दुसरा म्हणाला, देवीने मंडळाला बोलवून घेतलं, म्हणजे तिला वीज हवी आहे. तिसऱ्याने पंखा कोणी देणगी दिला त्याचं नाव शोधलं, ते पात्यावर लिहिलं होतं, पण पंखा चालू असल्याने वाचता येईना. दोन तासांनी अंबाजीने निवाडा दिला. पाकळी ज्याच्या डोक्यावर, काम त्याच्या डोक्यावर. ठराव ग्रामसभेचाच कायम, तो गुरुजींनी आपल्या भाषेत लिहावा आणि गुरुजींनीच सरकारला पोचवावा.

तो मी लिहिला आहे. (वाईट लिहायचा प्रयत्न केला. तिसऱ्या ओळीपासून जमेना.) पत्रासोबत जोडला आहे. किनाऱ्यावरच्या पंचायतींचे सगळे ठराव तुझ्याच टेबलावर येतात असं तू दिवाळीत अभिमानाने सांगितलं होतंस, म्हणून सरळ तुलाच पाठवतो. बाकी इकडे उकाडा फार आहे. मैथिलीला सांग, कोहाळ्याच्या वड्या करून ठेवल्या आहेत, मे महिन्यात या. थोरांस नमस्कार, लहानांना पापे, आणि तुमच्या फाइलींना आयुरारोग्य.

तुझाच,
हरेश्वर

ता. क. १ : कामाचं लिहायचं राहिलं. हा ठराव हरव. तुम्ही लोक कागद कसे हरवता, याचे वीस दाखले मी भाषणात दिले आहेत, त्यातला कोणताही वापर. कानपिळीच्या वेळी तुला सफारीचं कापड दिलं होतं, त्याची आठवण आज अडतीस वर्षांनी पहिल्यांदा करून देतोय. बापू, चेष्टा नाही. माझ्याच्याने पुन्हा रोपं लावणं होणार नाही.

ता. क. २ : नवी डीपी आलीच, तर ती माझ्या नावावर नको. मी प्रतिज्ञा केलेली आहे. तुझ्या ताईच्या नावाने पाठव, म्हणजे मी तिला अडवू शकत नाही असं गावाला सांगता येईल.

ता. क. ३ : भाषणही लिहून काढून सोबत ठेवलं आहे, अठरा पानं. ठराव हरवताना ते चुकून त्याच्याबरोबर जाऊ देऊ नकोस.

ता. क. ४ (ताईकडून) : बापू, हे पाकीट चिकटवायला मला देऊन देवळाकडे गेलेत, म्हणून लिहिते. पंप आठ दिवस चालू आहे. डीपीला काही झालेलंच नव्हतं. माडाची झावळ पडून फ्यूज उडाला होता, पण यांनी वहीत भस्मसात लिहून ठेवल्यावर हात कोण लावणार? सभेच्या दुसऱ्या दिवशी मंडळाचा वायरमन गणराज आपणहून आला, म्हणाला, काकू, गुरुजी इतकं बोलले, मला रात्रभर झोप नाही, परवानगी गेली खड्ड्यात. चढला आणि पाच मिनिटांत बसवून दिला. प्रतिज्ञेमुळे यांना सांगता येत नाही, म्हणून हे पायरीवर गेले की मी आणि विठोबा पंप लावतो. पोया आता एकतीस आहेत.

ठराव मात्र खरंच हरव. मंडळ बंद झालं तर गणराजने जायचं कुठे? त्या दिवशी खांबाआडून वर आला तो दुसरा हात त्याचा होता. तो आपल्या गावचा मतदारसुद्धा नाही, पण वेणूबाईंनी मोजला. यांना तो माझा वाटतो, तर वाटू दे. मी हात विरोधात वर केला होता. काय करणार, भाषणच तसं झालं.